महामारीच्या काळातील अन्नव्यवसाय : अन्नाची शुद्धता आणि कामगाराचे आरोग्य

साथीच्या काळात पुष्कळ व्यवसाय काही दिवस थांबवता येतात. अन्नाचा व्यवसाय थांबवता येत नाही. शाळा बंद ठेवता येते, नाट्यगृहाला कुलूप लावता येते, कचेरीचे काम घरी बसून करता येते. परंतु धान्य उतरवणे, भाजी निवडणे, अन्न शिजवणे आणि ते खाणाऱ्यापर्यंत पोहोचवणे ही कामे कोणीतरी प्रत्यक्ष हजर राहूनच करावी लागतात. म्हणून महामारीत अन्नव्यवसायापुढे दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. पहिला प्रश्न खाणाऱ्याचा : हे अन्न खाल्ल्याने मला रोग होईल काय? दुसरा प्रश्न रांधणाऱ्याचा : हे काम केल्याने मला रोग होईल काय? पहिला प्रश्न मोठ्याने विचारला जातो, कारण तो विचारणारा ग्राहक असतो. दुसरा बहुधा मनातच राहतो. या दोन प्रश्नांचा परस्परसंबंध काय आहे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

उदाहरणासाठी बंगळूर शहराच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हा भाग घेऊ. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत स्थापन झाली. शेती करून स्वावलंबी व्हावे, हा तिचा मूळ हेतू होता. सुमारे शंभर वर्षे ते एक शांत खेडेच होते. १९९० नंतरच्या दशकात तेथे संगणक-उद्योगाची संकुले उभी राहिली आणि चित्र पालटले. आता तेथे दररोज हजारो माणसे कामावर येतात आणि त्यांचे दुपारचे जेवण दुसरे कोणीतरी शिजवते. संकुलांतील उपाहारगृहे, लहान खानावळी, केवळ घरपोच जेवण पुरवणारे भटारखाने आणि दुचाकीवरून डबे पोहोचवणारे तरुण अशी एक मोठी साखळी या भागाला जेवू घालते. तीत राबणारे अनेक जण उत्तर कर्नाटक, ओडिशा, पश्चिम बंगाल, ईशान्य भारत आणि नेपाळ येथून आलेले असतात. जवळपासच्या वस्त्यांत एकेका खोलीत अनेक जण मिळून राहतात.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ चा प्रादुर्भाव झाला, तेव्हा या साखळीचे दोन तुकडे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च रोजी महामारी जाहीर केली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कचेऱ्यांतील कर्मचारी घरी गेले, संकुलांतील उपाहारगृहे बंद पडली. मात्र अन्न ही आवश्यक सेवा ठरल्यामुळे घरपोच जेवण पुरवणारे भटारखाने चालू राहिले. एकाच गावात एका आचाऱ्याचे काम गेले, तर दुसऱ्याला साथीतही कामावर जाणे भाग पडले. दोघांचे आरोग्य वेगवेगळ्या रीतीने संकटात आले.

रोग अन्नातून की श्वासातून?

उपाय ठरवण्यापूर्वी रोगाचा मार्ग जाणला पाहिजे. विषमज्वर, पटकी आणि कावीळीचे काही प्रकार हे रोग दूषित अन्नपाण्यातून पसरतात. रोग्याच्या विष्ठेतील जंतू न धुतलेल्या हातांमार्फत अन्नात उतरतात आणि खाणाऱ्याच्या आतड्यात शिरतात. येथे अन्न हेच रोगाचे वाहन असते.

कोविड-१९ चा विषाणू या वर्गातील नाही. तो प्रामुख्याने श्वसनमार्गाने पसरतो. बोलताना, खोकताना, शिंकताना, एवढेच नव्हे तर नुसता श्वास सोडतानाही रोग्याच्या नाकातोंडातून सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंदिस्त जागेत ते काही काळ हवेत तरंगत राहतात. कोणत्याही विषाणूला वाढण्यासाठी जिवंत पेशी लागते. म्हणून भातावर अथवा भाजीवर हा विषाणू पडला तरी तेथे त्याची संख्या वाढत नाही. शिजवण्याच्या उष्णतेने तो नष्ट होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी एप्रिल २०२० मध्येच अन्नव्यवसायांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. अन्नातून अथवा त्याच्या वेष्टनातून हा रोग होण्याचा संभव फारच कमी आहे, असे त्यात सांगितले होते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अशा साथीत भटारखान्यातील धोका पातेल्यात नसून पातेल्याभोवती उभ्या असलेल्या माणसांमध्ये असतो. ग्राहकाला अन्नापासून जितके भय आहे, त्याहून कितीतरी अधिक भय आचाऱ्याला त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आचाऱ्यापासून आहे.

भयाने सुचवलेले उपाय

हा निष्कर्ष सर्वांच्या लक्षात न आल्यामुळे २०२० मध्ये अनेक निरुपयोगी आणि काही अपायकारक उपाय योजले गेले. एप्रिलमध्ये दक्षिण दिल्लीत पिझ्झा पोहोचवणाऱ्या एका तरुणाला लागण झाल्याचे आढळले. त्याने ज्यांच्याकडे खाद्यपदार्थ पोहोचवले होते, अशा ७२ कुटुंबांना विलग राहण्यास सांगण्यात आले. देशभर घबराट पसरली. परंतु त्याच्या संपर्कातील ज्या सहकाऱ्यांची तपासणी झाली, त्यांच्यात लागण आढळली नाही. भीतीचा रोख मात्र पुढे बराच काळ डबा पोहोचवणाऱ्यांवरच राहिला. अनेक ठिकाणी त्यांना इमारतीच्या फाटकातच थांबवले जाई.

काही घरांतून भाज्या व फळे साबणाने किंवा जंतुनाशकाने धुतली जाऊ लागली. साबण पोटात गेल्यास उलटी-जुलाब होऊ शकतात. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे पुरेसे असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने फार तर दहा लक्ष भाग पाण्यात ५० भाग क्लोरीन असलेल्या पाण्यात भाजी बुडवून नंतर स्वच्छ पाण्याने धुण्याचा सल्ला दिला होता. मार्चच्या अखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावरच जंतुनाशकाची फवारणी करण्यात आली. अशा फवारणीने डोळ्यांना व त्वचेला इजा होते आणि श्वासातील विषाणूवर काहीच परिणाम होत नाही. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच माणसांवर फवारणी करू नये, असे स्पष्ट केले. ज्याला जपावयाचे, त्यालाच घाण समजून धुण्याचा हा प्रकार होता.

कारखाना आणि बाजारपेठ

धोका नेमका कोठे असतो, हे मोठ्या कारखान्यांनी दाखवून दिले. अमेरिकेतील सू फॉल्स येथील एका मांसकारखान्यात मार्च व एप्रिल २०२० मध्ये ९२९ कामगारांना लागण झाली. हे प्रमाण एकूण कामगारांच्या चतुर्थांशाहून अधिक होते. ज्या विभागांत कामगार एकमेकांपासून दोन मीटरहून कमी अंतरावर उभे राहून मांस कापत, तेथे लागण सर्वाधिक होती. जर्मनीत ऱ्हेडा-वीडेनब्र्यूक येथील मांसकारखान्यात त्याच वर्षी हजाराहून अधिक कामगार आजारी पडले. तेथील तपासणीत असे आढळले, की थंड केलेली तीच ती हवा पुन्हा पुन्हा फिरवली गेल्यामुळे एका कामगारापासून आठ मीटरपर्यंत उभ्या असलेल्यांना लागण झाली असावी. यापैकी कोणत्याही ठिकाणी मांस खाल्ल्याने साथ पसरली नाही. साथ पसरली ती दाटीने, गारव्याने, कोंडलेल्या हवेने आणि कामगारांच्या गर्दीच्या निवासांमुळे.

आपल्याकडे हीच गोष्ट बाजारपेठांत दिसून आली. चेन्नईची कोयंबेडू बाजारपेठ साथीचे केंद्र ठरल्यामुळे ५ मे २०२० रोजी बंद करावी लागली. मुंबईला धान्य, भाजी, फळे, कांदा-बटाटा आणि मसाले पुरवणारी वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती ११ ते १७ मे या काळात बंद होती. व्यापारी, माथाडी आणि त्यांच्या कुटुंबीयांत लागण वाढत चालली होती. गोणीवर विषाणू आहे की नाही, ही तेथील खरी अडचण नव्हती. अरुंद वाटेत पाठीवर ओझे घेतलेली शेकडो माणसे पहाटेपासून एकमेकांना घासून ये-जा करत होती. माथाडींना १९६९ च्या कायद्याने मंडळाचे छत्र मिळालेले आहे. बाजाराच्या साखळीतील इतर अनेक हातांना तेही नव्हते. एक बाजारपेठ आठवडाभर बंद पडली, की शेतकऱ्याच्या मालापासून शहरातील स्वयंपाकघरापर्यंत सर्वांना झळ पोहोचते. अन्नाचा पुरवठा अखंड ठेवावयाचा असेल, तर प्रथम हमालाला निरोगी ठेवले पाहिजे, हा वाशीचा धडा होय.

आजार लपवला जातो तो का?

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. कोणतीही दक्षता अखेर एका गोष्टीवर अवलंबून असते : कामगार ‘मला बरे वाटत नाही’ असे वेळेवर सांगतो की नाही. इतिहासात याविषयी बोलके दाखले आहेत.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर आणि उंदरांवर पिसवा, असा या रोगाचा मार्ग होता. परंतु पिसवेचे कार्य पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते १८९८ मध्ये. तोवर उपाय झाले ते माणसांवर. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात घरोघर सैनिक पाठवून झडत्या घेण्यात आल्या. रोग्यास रुग्णालयात आणि घरातील इतरांस छावणीत नेले जाई. परिणामी लोक रोगी लपवू लागले, गाव सोडून पळू लागले आणि साथ त्यांच्याबरोबर प्रवास करू लागली. ऑगस्ट १८९८ मध्ये ती बंगळुरात पोहोचली. विशेष म्हणजे १८९७ चा हाच कायदा मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने पुन्हा वापरला.

दुसरा दाखला न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीचा आहे. ती स्वतः धडधाकट होती, परंतु तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वास करत होते. ती जेथे रांधत असे, तेथे लोक आजारी पडत. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही, या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. तिला कपडे धुण्याचे काम मिळाले. त्यात स्वयंपाकापेक्षा कमी पैसे मिळत. काही काळाने तिने नाव बदलले आणि ती पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ मध्ये ती एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करत असताना २५ जणांना विषमज्वर झाला, त्यांपैकी दोघे दगावले. उरलेले आयुष्य, १९३८ पर्यंत, तिने त्या बेटावरच काढले. तिला दोष देणे सोपे आहे. परंतु तिचे एकमेव कसब काढून घेताना तिच्या पोटाची सोय कोणी पुरेशी केली नाही, हेही तितकेच खरे आहे.

दोन्ही दाखल्यांचे तात्पर्य एकच. आजार सांगितल्याने माणसाचे नुकसान होणार असेल, तर तो आजार लपवील. २०२० मध्ये अमेरिकेतील काही मांसकारखान्यांनी न चुकता कामावर येणाऱ्यास बक्षीस देऊ केले. हेतू उत्पादन चालू ठेवण्याचा होता, पण ताप असतानाही कामावर या, असाच त्याचा अर्थ होत होता.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत त्या वेळी आजारी कामगारास वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकत असे. ही मोठी सोय होती. परंतु आजाराच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सामान्यतः मिळत नसे. कोविड-१९ मध्ये लक्षणे दिसण्याच्या आदला एक-दोन दिवस आणि नंतरचे पहिले काही दिवस, हाच संसर्गाचा सर्वांत तीव्र काळ असतो. ज्या दिवसांत कामगाराने घरी राहणे सर्वांत आवश्यक, नेमके तेच दिवस त्याच्या पदरचे जात. शिवाय कंत्राटदारामार्फत आलेल्या पुष्कळांची नावे या योजनेत नसत आणि दुचाकीवरून जेवण पोहोचवणारे तर कोणाचे कामगारच मानले जात नसत. अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कर्नाटकाने स्वतंत्र कायदा केला, तो २०२५ साली.

भटारखान्याची व्यवस्था

आता व्हाइटफील्डमधील एखाद्या मध्यम आकाराच्या भटारखान्यात ही तत्त्वे कशी उतरवावीत, ते क्रमाने पाहू.

कामाची सुरुवात दारातच होते. प्रत्येकाला ताप, खोकला, जुलाब, उलटी, कावीळ किंवा हातावर जखम आहे काय, हे विचारावे. केवळ कपाळावर तापमापक धरून भागत नाही. पुष्कळ रोग्यांना ताप नसतो. आजारी माणसास घरी पाठवताना त्या दिवसाचे वेतन मिळेल, असे त्याच वेळी सांगावे. हे वाक्य उच्चारले गेले नाही, तर उद्यापासून कोणी खरे उत्तर देणार नाही.

कामगारांच्या लहान, ठरावीक तुकड्या कराव्यात आणि एका पाळीची तुकडी दुसऱ्या पाळीच्या तुकडीत मिसळू देऊ नये. म्हणजे एकास लागण झाली तरी सारा भटारखाना बंद पडत नाही. भाजी चिरणाऱ्यांनी समोरासमोर न बसता एकाच दिशेला तोंड करावे. कामाइतकीच काळजी जेवणाच्या सुटीत घ्यावी; कारण मुखपट्टी त्याच वेळी उतरते आणि गप्पाही तेव्हाच रंगतात. चुलीवरचा धूर ओढणारा पंखा सतत चालू ठेवावा, खिडक्या उघडाव्यात. शीतगृहासारख्या कोंदट जागी एका वेळी एकानेच जावे. घामाने भिजलेली मुखपट्टी बदलता यावी, म्हणून प्रत्येकास पाळीगणिक एकाहून अधिक पट्ट्या द्याव्यात.

हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत. तेलकट हातांवर मद्यार्कयुक्त द्रवाचा उपयोग होत नाही. शिवाय तो ज्वालाग्राही असल्याने तो लावून ओल्या हातांनी शेगडीजवळ जाणे धोक्याचे आहे. हातमोजे घातले, की हात स्वच्छच आहेत असा भ्रम होतो. त्याच मोज्याने नाक पुसले, तर मोजा आणि हात यांत फरक राहत नाही.

नव्या रोगाकडे लक्ष देताना जुने रोग विसरून चालत नाही. टाळेबंदीत अनेक ठिकाणी मोठ्या प्रमाणावर अन्नाची पाकिटे वाटली गेली. पहाटे रांधलेला चित्रान्न किंवा बिसिबेळे भात दुपारी वाटला जातो, तेव्हा मधले तास महत्त्वाचे ठरतात. तांदळातील बॅसिलस सीरियस या जंतूंची बीजुके शिजवूनही मरत नाहीत; भात कोमट राहिला की ती रुजतात आणि वाढू लागतात. त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे किंवा त्वरित थंड करून ५ अंशांखाली ठेवावे. मधल्या तापमानात दोन तासांहून अधिक राहू देऊ नये. जेवण पोहोचण्यास उशीर होत असेल, तर चूल उशिरा पेटवावी.

दीर्घ काळ बंद असलेले उपाहारगृह पुन्हा उघडतानाही हीच दक्षता हवी. ८ जून २०२० पासून उपाहारगृहांना बसून जेवू घालण्याची अनुमती मिळू लागली, तेव्हा अनेक स्वयंपाकघरे अडीच महिने बंद होती. अशा वेळी टाकीतील साचलेले पाणी ओतून टाकी धुवावी, नळ काही वेळ वाहू द्यावेत, कोठीतील मुदत संपलेला माल काढावा, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त करावा. आणखी एक उणीव डोळ्यांना दिसत नाही : अनुभवी आचारी गावी गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवखा आलेला असतो. मे २०२० मध्ये बंगळूर परिसरातून, व्हाइटफील्डच्या पुढे असलेल्या मालूरसारख्या स्थानकांवरून श्रमिक गाड्या सुटल्या. मध्यंतरी राज्य शासनाने त्या गाड्या रद्द केल्या आणि टीका झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. या ओढाताणीतून जो गावी पोहोचला, तो लवकर परतेल असे नव्हते. नव्या माणसास शिकवल्याशिवाय पातेल्याशी उभे करणे ही अन्नसुरक्षेतीलच त्रुटी होय.

शेवटी निवास. भटारखान्यात दोन मीटर अंतर राखणारे आठ जण रात्री एकाच खोलीत झोपत असतील, तर दिवसभराची दक्षता रात्री व्यर्थ जाते. राहण्याची सोय मालकाने केलेली असेल, तर तेथील खिडकी, पाणी, शौचालय आणि आजाऱ्यासाठी एक निराळी खोली हे सारे त्याच्या जबाबदारीत येते.

उपसंहार

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नियम अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आवश्यक मानतात. ही तपासणी मूलतः खाणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. महामारीने तिच्या जोडीला दुसरी बाजू आणली : खाऊ घालणाऱ्याचेही रक्षण झाले पाहिजे आणि ते न झाल्यास खाणाऱ्याचेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या गेल्या, उपाहारगृहे भरली, व्हाइटफील्डपर्यंत मेट्रोही पोहोचली. पुढील साथ श्वासातून येईल की पाण्यातून, हे आज सांगता येणार नाही. ती कोणत्याही मार्गाने आली तरी तिची पहिली वर्दी बहुधा एखाद्या आचाऱ्याला, वाढप्याला किंवा हमालाला आलेल्या कणकणीतूनच मिळेल. ती वर्दी त्याने निर्भयपणे द्यावी, अशी व्यवस्था साथ येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. साथ आल्यावर तिला वेळ उरत नाही.